कांचनचे उंदीर

उंदरांना पाण्यात सोडायचं काम मी अकरा वर्षं केलं. काचेची उंच बरणी, तीत निम्म्याच्या वर कोमट पाणी आणि माझ्या हातात घड्याळ. उंदीर आत सोडायचा आणि सहा मिनिटं बघत बसायचं. आधी तो कडेकडेनं जोरात पोहतो, वर चढायला बघतो, मग नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून नुसता तरंगतो. किती सेकंद तरंगला ते मी लिहायची. जास्त तरंगला म्हणजे उंदीर निराश. औषध दिल्यावर जास्त पोहला म्हणजे औषध चांगलं. ह्या बरणीतून पास झालेली औषधं पुढं माणसांकडं जायची आणि तिथं बहुतेक वेळा तोंडावर आपटायची.

तेव्हाच्या साहेबांना मी एकदा म्हटलं, "सर, त्याला कळलंय की सहा मिनिटांनी ही बाई बाहेर काढते. मग उगीच कशाला हातपाय मारील? शहाणा आहे तो." सर हसले. "चौगुलेबाई, तुम्ही वेळ लिहा, अर्थ आम्ही लावतो." मी मनात म्हटलं, लावा बापडे.

मी वैजयंता चौगुले. बारावी पास, कोल्हापूरच्या बाहेर एक संशोधन संस्था आहे तिथल्या ॲनिमल हाऊसची सुपरवायझर. सुपरवायझर हे नुसतं नाव, काम म्हणजे पिंजरे, भुसा, खाणं, पाणी आणि नोंदी. बोलायला मी फटकळ आहे हे आधीच सांगते. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून कुस्त्यांची मैदानं बघितली, तिथलीच जीभ लागली.

दोन हजार छत्तीस साली डॉ. तरन्नुम बागवान आमच्याकडं आल्या. मूळच्या मिरजेच्या, बरीच वर्षं परदेशात काढून परतलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या बरण्या बाहेर काढायला लावल्या. मला वाटलं नवीन येणार.

"वैजूताई, ह्यात तुम्ही काय मोजता?" त्यांनी विचारलं.

"सर म्हणायचे, निराशा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, तो दम वाचवतोय."

"बरोबर. मग ह्या बरण्यांत आता लोणचं घाला."

"अहो, उंदरांच्या बरणीतलं लोणचं कोण खाईल!" मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

मॅडमनी काय केलं ते कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता त्यांनीच मला समजावून सांगितलं. माणूस डॉक्टरला सांगतो, मन लागत नाही, सगळं रिकामं वाटतं. उंदीर काही सांगत नाही. म्हणून इतकी वर्षं उंदराला आधी मुद्दाम छळायचं, पाण्यात टाकायचं, एकटं ठेवायचं, आणि मग तो माणसासारखा आजारी झाला असं धरून चालायचं, अशी रीत होती. मॅडमनी ती उलटी केली. माणूस आणि उंदीर दोघंही जे न बोलता करतात तेवढंच मोजायचं, आणि दोघांना एकाच पट्टीनं मोजायचं.

त्यातल्या दोन गोष्टी मला पक्क्या समजल्या. एक, हवं वाटणं. म्हणजे आवडत्या गोष्टीसाठी जीव किती कष्ट घेतो. दुसरी, गोड लागणं. म्हणजे ती गोष्ट मिळाल्यावर सुख किती होतं. आपण ह्या दोन्ही एकच समजतो, पण मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि इतक्या जुन्या आहेत की उंदरात नि आपल्यात जवळपास सारख्याच. एखाद्याची पहिली वाट बंद पडते, एखाद्याची दुसरी. आपण दोघांनाही डिप्रेशन म्हणतो आणि एकच गोळी देतो. ती एकाला लागू पडते, दुसऱ्याला पडत नाही.

मग आमच्याकडं मोठे पिंजरे आले. एकेका पिंजऱ्यात आठ उंदीर, घरासारखे राहायचे. डाव्या बाजूला साधं खाणं, पाहिजे तेवढं. उजव्या बाजूला एक झडप, तिच्यावर वजन. झडप ढकलली की शेंगदाण्याच्या चिक्कीचा कण मिळणार, पण दर वेळी वजन थोडं वाढणार. कोण ढकलतं, कोण किती झोपतं, चिक्की खाताना पंजे चाटतं का, हे सगळं कॅमेरा टिपायचा. कुणालाही आजारी पाडायचं नाही. सहाशे उंदीर ठेवले तर त्यांत माणसांसारखे सगळे स्वभाव आपसूक सापडतात, असं मॅडम म्हणायच्या. आणि सापडलेच.

माणसासाठी होती मूठ. स्टीलची, व्यायामाला दाबतात तशी, तिला छोटा पडदा. पहिल्या पानावर ती विचारायची, "काय हवं?" पेशंटनं आवडीच्या तीन गोष्टी भरायच्या. मग हलकं दाबलं तर काहीतरी साधं, जोर लावून दाबलं तर आवडीचं, गाणं-फोटो पडद्यावर, खाणं जवळच्या वाटीतून. रोज तीस फेऱ्या, चौदा दिवस, आपल्या घरी. आवडीचं मिळाल्यावर तळहाताचा घाम आणि नाडी बघून मूठ ओळखायची की ह्याला सुख झालं की नाही. त्या आकड्यांशी सगळ्यांत जुळणारे तीन उंदीर कॉम्प्युटर शोधून काढायचा. ह्याला आम्ही जोड लावणं म्हणायचो. औषधं आधी जोडीच्या उंदरांना. तीन आठवड्यांत कळायचं कुठलं चालतंय, आणि तेच पेशंटला. एकामागून एक गोळ्या बदलण्यात लोकांचं वर्ष वर्ष जायचं, ते वाचलं.

बरे झालेले उंदीर पेशंटला व्हिडिओत दाखवायची मॅडमची पद्धत होती. लोकांना ते फार आवडायचं. एक रिटायर्ड मास्तर तर गुरुपौर्णिमेला आपल्या तीन उंदरांसाठी शेंगदाणे घेऊन आले होते.

आता कांचनचं सांगते. कांचन माझी धाकटी बहीण. आमचं घर हुपरीला. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूल नाही. कांचननं लग्न केलं नाही, तिची मर्जी. घरात आम्ही दोघीच. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, आणि कांचनचा हात त्यात नावाजलेला. पैंजणाच्या कड्या जुळवून घुंगरं लावली की व्यापारी म्हणायचे, कांचनचा माल डोळे मिटून घ्यावा.

एका दिवाळीनंतर तिनं हळूहळू हात आखडला. चिमटा उचलायची, कडीपर्यंत न्यायची आणि परत खाली ठेवायची. "करते गं आक्का, उद्या." मग वेणी उद्या, अंघोळ उद्या, जेवणसुद्धा उद्या. लोक विचारायचे, "कशामुळं झालं हो?" मी म्हणायची, तुमचं डोकं दुखतं ते कशामुळं?

मग तिचं सगळं मीच करायला लागले. वेणी घातली, घास भरवला. तिच्या जागेवर बसून कड्यासुद्धा मीच जुळवल्या, आणि व्यापाऱ्याला सांगितलं की कांचननंच केल्यात. दोन डॉक्टर झाले, तीन गोळ्या झाल्या, अकरा महिने गेले. गुण नाही. शेवटी मॅडमना विचारलं.

"आणा तिला," त्या म्हणाल्या. "फक्त एक नियम. तिचे उंदीर कुठले ते तुम्हाला कळता कामा नये."

"मला कशाला कळायला पाहिजे?" मी म्हटलं.

मूठ घरी आली. सकाळी सहाला, माझ्या ड्यूटीच्या आधी, आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. पडद्यावर आलं, काय हवं? कांचन म्हणाली, "काही नको." काही नको असं भरता येत नाही. मग मीच भरलं. जुनी भावगीतं, खारे शेंगदाणे, लहानपणीचे फोटो. कांचननं पाच वेळा कशीबशी मूठ दाबली आणि मांडीवर ठेवून दिली. पडद्यावर लाल अक्षरं आली, "फेऱ्या अपूर्ण."

अपूर्ण राहिलं तर जोड लागणार कशी? मॅडम काय म्हणतील? शाळेत कांचनचा गृहपाठ मीच करून द्यायची, बाईंनी तिला छडी मारू नये म्हणून. तशीच मूठ उचलली आणि राहिलेल्या पंचवीस फेऱ्या दणादण उरकल्या. गाणं लागत होतं, फोटो येत होते, मी शेंगदाणे तोंडात टाकत होते आणि घड्याळ बघत होते. हिरवी अक्षरं आली, मग डबा भरला आणि बस पकडली. चौदा दिवस हेच केलं. मनात पाप नव्हतं. मदत करतेय एवढंच मला वाटत होतं.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "कष्टाला तयार दिसते ही. फक्त सुख होत नाहीय. घरी काम करते का?"

"करते की," मी म्हटलं. "कड्या जुळवते." आधीचं झाकायला पुढचं बोलावं लागतं, तसं बोलून गेले.

जोड लागलेले उंदीर एका पिंजऱ्यात आणून त्यांना दर पेशंटच्या वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावायचे. त्या आठवड्यात नवीन पेशंट एकच होता आणि नवीन चिठ्ठीचे, पिवळ्या, उंदीर तीनच होते. मला कळायला काय ज्योतिषी लागतो? तिघंही झडपेवर सगळ्यांच्या आधी हजर. वजन कितीही वाढवा, डोकं खुपसून ढकलणार. आणि चिक्कीचा कण तोंडात धरून, न खाता, कोपऱ्यात नेऊन ठेवणार. तिथं ढीग व्हायचा. पिंजऱ्यातले बाकीचे पाच जण तो ढीग फस्त करायचे, आणि हे तिघं साधं खाणं खाऊन झोपायचे.

मला हसू आलं, जरा रागही आला. अरे वेड्यांनो, मिळवलंय तर खा की! कांचन अशी कुठं आहे, असंही एकदा मनात आलं. पण म्हटलं, कॉम्प्युटरचं गणित आपल्याला काय कळतंय.

सात नंबरचं औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यातला चारशे सतरा नंबरचा उंदीर झडपेपाशीच बसला. चिक्कीचा कण दोन्ही पंजांत धरून त्यानं कुरतडून खाल्ला, आणि पंजे चाटत राहिला. दोन दिवसांनी दुसरा, मग तिसरा. मी डोळे पुसले आणि सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

"तुम्ही घ्या की," मॅडम म्हणाल्या.

"मला गोड नको वाटतं."

"शुगर आहे का?"

"छे, काही नाही. वाटायलाच बरं वाटतं मला."

कांचननं तो व्हिडिओ बघितला. चारशे सतराला पंजे चाटताना बघून तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. औषध सुरू झालं. मी रोज सकाळी तिच्याकडं बघायची, आज चिमटा उचलेल, उद्या उचलेल. दुसऱ्या आठवड्यापासून तिचे हात थरथरायला लागले. एका जागी बसवेना. झोप गेली. मॅडमनी डोस कमी केला आणि थोडं थांबू म्हणाल्या, काहींना सुरुवातीला असं होतं. सहा आठवडे थांबलो.

एका दुपारी मी कामावरून लवकर आले. खिडकीपाशी कांचनची जागा झाडून पुसून स्वच्छ होती. चिमटे नव्हते, पक्कड नव्हती, घुंगरांचा डबा नव्हता.

"कुठं गेलं सगळं?"

"शेजारच्या सुनेला दिलं. तिला उपयोग होईल."

"आणि तुला?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "आक्का, औषध बरोबर आहे. मी बघितलंय ना. त्या तिघांना गुण आला. मशीन चुकलं नाही, मॅडम चुकल्या नाहीत, तू तर कधीच चुकत नाहीस. मग चुकीची कोण राहिली? मी उंदराच्याही कामाची नाही गं. आता मला कशासाठी ठेवताय?"

आपल्या वस्तूंची अशी निरवानिरव करणं म्हणजे काय, हे संस्थेतल्या प्रत्येकाला शिकवलेलं असतं, मलाही शिकवलं होतं. मी भ्यायले. इतकी मी नवरा गेला तेव्हाही भ्यायले नव्हते. चपला घातल्या, कांचनचा हात धरला, रिक्षा केली आणि तिला थेट मॅडमसमोर नेऊन बसवलं.

मॅडमनी तिला सरळच विचारलं, "कांचन, जीव नकोसा वाटतो का?" तिनं मान डोलावली. मॅडमनी फोन करून संस्थेच्या दवाखान्यातल्या वॉर्डात खाट सांगितली आणि सात नंबर त्या क्षणी बंद केलं. मग फाईल उघडून म्हणाल्या, "हे असं व्हायला नको होतं. आकडे इतके स्वच्छ आहेत. माझंच काहीतरी चुकलंय."

कांचन माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. आता हिच्यासमोर बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

"मॅडम, मूठ मी दाबली."

"म्हणजे?"

"रोज पाच फेऱ्या तिच्या. पंचवीस माझ्या."

"चौदाच्या चौदा दिवस?"

"चौदाच्या चौदा. आणि कड्यापण मीच जुळवते. ती वर्षभर कामाला बसलेली नाही."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "वैजूताई, तुम्हाला कळतंय का काय केलंत? दोन महिने मी हिला दुसऱ्या कुणाचं तरी औषध देतेय! तुम्ही? बरणीतला उंदीर काय करतोय हे साहेबांच्या आधी ओळखणाऱ्या तुम्ही?"

"काढून टाका मला," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं.

तेवढ्यात कांचन बोलली. "म्हणजे ते उंदीर माझे नव्हतेच?"

"नव्हते," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मला गुण आला नाही तो..."

"तो तुझा दोष नाही. ते औषध तुझं नव्हतंच."

कांचन माझ्याकडं वळली. "सातवीत भूगोलाची वही. तुझं अक्षर. बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला उभं करून विचारलं होतं, हे कुणाचं आहे म्हणून. आठवतंय? छडी परवडली असती मला! अगं, एकदा तरी मला नापास होऊ दे की!"

ती ओरडत होती. वर्षभरात मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मी तोंड पदरात घालून रडत होते आणि मॅडम कागदावर भराभर काहीतरी लिहीत होत्या. थोड्या वेळानं त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझंही चुकलं. ही मूठ परदेशात जिथं तयार झाली तिथं पेशंट घरी एकटा असतो. आपल्याकडं तो कधी एकटा नसतोच, हे मी धरलंच नाही."

वॉर्डात नव्यानं मोजणी झाली. मी काचेबाहेर उभी. पहिल्या दिवशी कांचननं तीन फेऱ्या केल्या आणि पडदा लाल झाला. माझे हात नुसते शिवशिवत होते. मॅडम म्हणाल्या, "राहू दे लाल. हेच तिचं खरं आहे."

नवीन जोड लागली. ह्या वेळी मी चिठ्ठ्यांचा रंगसुद्धा बघितला नाही, मॅडमनीच नंतर व्हिडिओ दाखवला. हे उंदीर झडपेपाशी यायचे, एक पंजा ठेवायचे आणि मागं फिरायचे. पण कुणी चिक्की समोर आणून ठेवली तर मिटक्या मारत खायचे. ती माझी कांचन होती. चिमटा कडीपर्यंत नेऊन परत ठेवणारी, पण भरवलं की खाणारी. ह्यांना दोन नंबर लागू पडलं, जुनंच आणि साधं औषध.

ते सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी कांचन घरी आली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिनं आपणहून कंगवा घेतला आणि वेणी घातली. वेणी वाकडी आली. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिले. ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. आणखी महिन्यानं तिनं शेजारी जाऊन आपले चिमटे परत मागून आणले. दिवसाला एक पैंजण करायची. कधी अर्धंच. व्यापाऱ्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मधला माल जरा वेगळा वाटतच होता म्हणा." मेल्यानं तेव्हा नाही सांगितलं.

मला नोकरीवरून काढलं नाही, लेखी मेमो दिला. नवीन मुठीत तळहाताची ओळख बसवली, आणि नियमांत एक ओळ वाढली, घरच्यांनी मूठ दाबू नये. ऑफिसात सगळे तिला वैजूताईंचं कलम म्हणतात. म्हणोत.

एक दिवस पिंजरे धुता धुता मी मॅडमना विचारलं, "ते पिवळ्या चिठ्ठीचे तीन मोकळेच आहेत की. दुसऱ्या पेशंटला लावा."

"त्यांची जोड लागलेली आहे, वैजूताई."

"कुणाशी?"

त्यांनी नळ बंद केला. "रोज पंचवीस फेऱ्या, चौदा दिवस. साडेतीनशे फेऱ्यांचे आकडे आहेत माझ्याकडं. मूठ दर वेळी पूर्ण दाबलेली, एकदाही आळस नाही. आणि गाणं लागलं, फोटो आला, दाणा तोंडात गेला, तरी तळहातावर काहीच नाही."

"अहो, ती गाणी कांचनच्या आवडीची होती!"

"असेल. म्हणून तर म्हणते, तुमच्या आवडीचं भरून पुन्हा करा. मगच काय ते ठरवू."

"मला काय धाड भरलीय?" मी भडकले. "खाते, पिते, रोज वेळेवर कामाला येते!"

"ते तिघंही रोज वेळेवर कामाला येत होते," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी मी चहा न पिता घरी आले. कांचन खिडकीपाशी बसून घुंगरं लावत होती. मी तिला गंमत म्हणून सांगितलं, "ऐकलंस का, तुझ्या मॅडम म्हणतात ते उंदीर माझे होते." ती हसली नाही. चिमटा खाली ठेवला, उठली आणि माझं कपाट उघडलं. दर दिवाळीला घेतलेल्या साड्या, सात, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. संस्थेनं दिलेला काजूचा डबा, सील न फोडलेला. तिनंच माझ्यासाठी केलेली चांदीची साखळी, कागदात गुंडाळलेली. एकेक काढून तिनं खाटेवर रचलं.

"हा ढीग कुणाचा?" तिनं विचारलं.

"ठेवलंय. कुणाला तरी द्यायला होईल."

बोलले आणि मला कोपऱ्यातला तो चिक्कीचा ढीग आठवला.

कांचननं आपल्या पिशवीतून मूठ काढली. मॅडमनी तिच्या शेवटच्या तपासणीला तिच्याच हाती दिली होती, मला न सांगता. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. पडदा उजळला. काय हवं?

साडेतीनशे वेळा हीच मूठ दाबली होती मी. आता पहिल्या पानाच्या पुढं जाता येईना. चहा? तो रोजचाच. देवदर्शन? ते लोक म्हणतात म्हणून. कांचन बरी होऊ दे, असं लिहायला गेले, तर ती म्हणाली, "ते नाही. तुझं." मी डोकं खाजवलं, पदरानं पडदा पुसला. बावन्न वर्षांची बाई मी, आणि मला काय आवडतं ते मला आठवत नव्हतं. मला खरंच भीती वाटली.

"तू भर की गं," मी म्हटलं. "तुला माहिती असेल."

"मी नाही भरणार," कांचन म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून माझ्यासमोर उभी राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेजारचा कुकर तीनदा वाजला. मी रडले, नाक पुसलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं. मग कुठून तरी तांबड्या मातीचा वास आल्यासारखं झालं. मामांचा खांदा, हलगी, आणि चितपट झाल्यावर हवेत उडालेले फेटे. मी एका बोटानं लिहिलं, कुस्ती.

"कुस्ती?" कांचन फस्सकन हसली. "अगं, गाणं नाही, काही नाही, कुस्ती?"

"हसतेस काय? आवडायची मला. पुढच्या रांगेत बसून बघायची होती."

मग मी मूठ दाबली. कांचनसाठी दाबताना कधी जाणवलं नव्हतं, पण ती चांगलीच जड होती. दोन्ही हात लावले, दात खाल्ले, तेव्हा कुठं पडद्यावर हलगी वाजली. कांचन पडद्याकडं बघत नव्हती. ती माझ्या तळहाताकडं बघत होती.